तुटलेलं हब शशीला कुणी दाखवलं नाही

शशी गेल्याची बातमी मला कंपनीच्या गेटवर मिळाली. त्या कंपनीत आत जाताना मोबाईल गेटवरच ठेवावा लागतो. रक्षक तो प्लॅस्टिकच्या डब्यात टाकतो आणि हातात एक बिल्ला देतो. लष्कराचे ट्रक तिथं बनतात, म्हणून हा बंदोबस्त. आत मी खरेदी विभागाच्या साहेबांशी सकाळपासून भांडत होतो, आणि भांडण एकाच मागणीवरून होतं. आमच्या कागलच्या फौंड्रीत ओतलेलं आणि ट्रकखाली मोडलेलं चाकाचं जे हब त्यांनी सील करून ठेवलं होतं, ते माझ्या भागीदाराला एकदा हातात घेऊन बघू द्या. उजेडात धरून बघेल आणि परत देईल, एवढंच. साहेब नाही म्हणाले. मी टेबलावर हात आपटला, त्यांचा चहा तसाच ठेवला आणि बाहेर आलो. रक्षक म्हणाला, "साहेब, तुमचा फोन कधीपासून थरथरतोय. डब्यातले बाकीचे फोनही त्याच्यामुळं नाचायला लागले." शशीच्या बायकोचे, सुनंदावहिनींचे, फोन येऊन गेले होते, माझ्या मुलाचे, आमच्या फौंड्रीतल्या मुजावर मिस्त्रींचे. मिस्त्रींना लावला. ते "मालक..." एवढंच म्हणाले आणि पुढं नुसता भट्टीवरच्या पंख्याचा आवाज येत राहिला. शशिकांत देसाई, माझा भागीदार, अंघोळीचं पाणी काढून, टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीच्या उंबऱ्यावर टेकला होता. तो तिथंच टेकलेला राहिला.

परतीच्या वाटेवर मी गाडीत एकटाच मोठमोठ्यानं बोलत होतो. आदल्या संध्याकाळी त्यानं मला फौंड्रीच्या फाटकाशी थांबवून सांगितलं होतं, "दत्त्या, उद्या भांडू नकोस. रेट काढू नकोस, पेमेंट काढू नकोस. नुसतं हब बघू द्या म्हण. न्हाई म्हणाले तर पाया पड." मी म्हटलं, "पाया तू पड, मी पडणार नाही." तो हसला होता. कित्येक महिन्यांनी हसला होता, म्हणून लक्षात राहिलं. आता त्याला काय सांगणार होतो मी... नाही म्हणाले, हेच ना. तेवढं ऐकायलाही तो थांबला नाही.

आमची पहिली भेटही भांडणातलीच. मी चंदगडकडचा, शाळा अर्धी टाकून कोल्हापुरात भंगाराच्या धंद्यात आलेला. गावोगावचं मोडकं लोखंड गोळा करून फौंड्र्यांना घालायचो. शिरोलीच्या एका फौंड्रीत शशी नवा नवा धातू तपासायला लागला होता. गडहिंग्लजच्या मास्तरांचा मुलगा, धातुशास्त्र शिकून आलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला. मी इंजिनाचे ब्लॉक म्हणून एक ट्रक भरून आणला. हा शर्टाच्या बाह्या दुमडून ट्रकवर चढला आणि ढिगाच्या मधोमध हात घालून शिलाई मशीनचे पाय ओढून काढले. वरून ओरडला, "पावणं, तुमच्यात इंजिनं शिवतात व्हय?" सगळे हमाल हसले. मी खवळलो. शिलाई मशीनच्या पायांचं लोखंड ठिसूळ असतं, ते चांगल्या मालात मिसळलं की सगळा माल बिघडतो, हे त्यानं मला तिथंच ट्रकवर उभं राहून समजावलं. मी भाव पाडून घेतला नाही आणि त्यानं माल उतरवून घेतला नाही. दोघंही हट्टी. चहाच्या गाड्यावर पुन्हा भेटलो तेव्हा मी विचारलं, "एवढी अक्कल आहे तर दुसऱ्याच्या भट्टीवर कशाला राबतोस?" तो म्हणाला, "माल विकायला तोंड लागतं. ते मला न्हाई." मी म्हटलं, "मला आहे."

तसं आमचं सुरू झालं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत शेड टाकली. लोखंड त्याचं, बाजार माझा. मी कुणाशी किती भांडायचं यात तो पडला नाही आणि भट्टीत काय पडायचं यात मी पडलो नाही. पंपाचे भाग, साखर कारखान्यांचे रोलर, ट्रॅक्टरची कास्टिंगं, असं करत करत आम्ही वर आलो. माल भट्टीतून निघाला की तो स्वतः तपासायचा, आणि त्यानं बघितल्याशिवाय गाडी भरायची नाही. एकदा तो तापानं घरी पडला होता आणि मी घाईत एक टेम्पो पाठवायला निघालो, तर मुजावर मिस्त्री फाटक लावून मधे उभे राहिले. "मालक, तुमी मला काढून टाका. पण सायबांनी बघितल्याबिगर गाडी जायाची न्हाय." मी रिक्षा करून त्याच्या घरी नमुन्याचा माल नेला. खरंच नेला. शशी अंथरुणात उठून बसला, त्यानं माल बघितला आणि सही केली.

मग लष्कराच्या नव्या ट्रकांचं काम आलं. कंपनीनं लष्कराचं टेंडर घेतलं आणि चाकांची हबं ओतायला आम्हाला आणि दुसऱ्या एका फौंड्रीला निम्मी निम्मी वाटून दिली. हब म्हणजे चाक ज्याच्यावर बसवून बोल्टांनी आवळतात ते जाड ओतीव अंग. सगळा भार त्याच्यावर. त्या दिवशी शशीनं शेडभर पेढे वाटले. त्याच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. त्याचा थोरला भाऊही लष्करात गाडी चालवून निवृत्त झालेला. "आबाच्या गाडीखाली असलं काम असायचं," असं तो ज्याला त्याला सांगत सुटला. आणि मग त्यानं एक गोष्ट केली, जिच्यापायी पुढं सगळं झालं. साचा ज्याच्यावरून पाडतात त्या पॅटर्नवर त्यानं आमची खूण बसवली. एक छोटा गोल आणि त्यात आमच्या फौंड्रीचं अक्षर, प्रत्येक हबावर ओतूनच येणारं. कंपनीनं मागितलं नव्हतं. दुसऱ्या फौंड्रीनं घातलं नव्हतं.

मी त्याला तेव्हाच म्हणालो, "नाव कशाला घालतोस? उद्या काही झालं तर पहिला तूच सापडशील."

"चांगला माल दिल्यावर सापडायला काय भ्यायचं?"

"अरे मर्दा, व्यवहारात कुणी चांगलं-वाईट बघत नाही. ज्याची शेपटी हातात येते त्याला धरतात."

"तू शेपटी लपवून धंदा कर. माझं काम असलं की माझी खूण पडणार."

मी चिडून उठून गेलो. पण पॅटर्न बदलायला लावला नाही, कारण धातूच्या बाजूला मी पडायचं नाही हे ठरलेलं होतं. आणि खरं सांगू का, पहिली हबं साच्यातून निघाली तेव्हा ती खूण बघून मलाही बरं वाटलं होतं.

ट्रक लष्कराकडं गेले आणि कुरबुरी सुरू झाल्या. कुठं गिअर अडकला, कुठं वायरिंग जळलं, कुठं इंजिन थंडीत सुरूच होईना. नव्या गाड्या रांगेनं उभ्या राहिल्या. लष्कर कंपनीला धरायला लागलं, कंपनी पुरवठादारांना. मग डोंगरातल्या एका रस्त्यावर चालत्या ट्रकचं पुढचं हब मोडलं, चाक निखळलं, ट्रक कलंडला आणि चालवणाऱ्या जवानाचा पाय गुडघ्यापासून काढावा लागला. त्याच्यामागून आणखी हबं मोडली. आम्हाला बोलावून सांगण्यात आलं, तुमच्या खुणेची हबं मोडली आहेत. मी विचारलं, बिनखुणेची किती मोडली? उत्तर मिळालं, ती कुणाची हे सांगता येत नाही, म्हणून ती हिशेबात नाहीत. खूण नसलेला सुटला. खूण असलेला सापडला. मी शशीकडं बघितलं नाही. तो माझ्याकडं बघत होता हे मला कळत होतं...

माझं मत तेव्हाही ठाम होतं आणि आजही आहे. ट्रकचा आराखडा ठरल्यावर लष्करानं पाठीवर जास्तीचं सामान मागितलं, कंपनीनं ते चढवलं आणि खालचं हब तेच ठेवलं. लष्कराला ट्रक स्वस्तात हवा, कंपनीला हब स्वस्तात हवं. जो शेवटी सगळ्यात कमी भाव सांगतो तो जिंकतो, आणि तिथून पुढं प्रत्येक जण खालच्याचा गळा धरतो. मी भाव करणारा माणूस आहे, मला हे कळतं. शशीला मी रोज हे सांगायचो. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "आसंल. पण आपलं बी आसंल की."

"तू सही केलीस ना बघून?"

"केली. म्हणूनच तर."

हबांच्या पाहणीसाठी आम्हाला एकदा ट्रकांच्या आवारात नेलं. कोरे ट्रक, ताडपत्रीचा रंगही उडालेला नाही, आणि पुढची चाकं काढून लाकडी ठोकळ्यांवर उभे केलेले. ओळीच्या ओळी. गवत त्यांच्या पायऱ्यांपर्यंत वाढलेलं. शशी प्रत्येक ट्रकपाशी वाकत होता, हबावर बोट फिरवत होता, खूण सापडली की क्षणभर थांबत होता. धडधाकट हबं बघायला कुणाची हरकत नव्हती. मोडलेली मात्र कंपनी आणि लष्कर यांच्यातल्या लवादापुढं पुरावा म्हणून सीलबंद होती. तिथल्या एका सुभेदारानं मला बाजूला घेऊन विचारलं, "ते साहेब रडताहेत काय?" मी म्हटलं, "नाही, त्यांना धुळीचा त्रास आहे."

परतताना शशीनं मला जे सांगितलं ते मी विसरू शकत नाही. मोडलेल्या लोखंडाच्या तोंडावर सगळं लिहिलेलं असतं, असं तो म्हणाला. आत पोकळ जागा निघाली तर चूक ओतणाऱ्याची, म्हणजे आपली. धडधाकट लोखंड कोपऱ्यापासून हळूहळू फाटत गेलेलं दिसलं तर चूक जास्त वजनाची. "एकदा हातात दिलं तर मला बघताक्षणी कळंल, दत्त्या. मग फाशी दिली तरी चालंल. पण कळू दे." कंपनीच्या प्रयोगशाळेनं आमचं लोखंड वाईट म्हटलं. आम्ही राखून ठेवलेले नमुने दुसरीकडं तपासून घेतले, त्यांनी चांगलं म्हटलं. मी म्हटलं, जिंकलो. तो म्हणाला, "मोडलेलं ते न्हवं हे." त्यानं अर्ज केले, विनंत्या केल्या, पुणं केलं, दिल्ली केली. त्या जवानाला भेटायला जायचं म्हणून दोनदा बॅग भरली आणि दोनदा रिकामी केली. "जाऊन काय सांगू? माझ्यामुळं झालं म्हणू का न्हाई झालं म्हणू?" हळूहळू तो जेवेनासा झाला. फौंड्रीत येऊन बसायचा आणि जुनी कास्टिंगं करवतीनं कापून आत बघत राहायचा. चांगली निघायची. त्यानं त्याचं समाधान व्हायचं नाही.

असा माणूस एका सकाळी न्हाणीच्या उंबऱ्यावर संपला. डॉक्टरांनी हृदय म्हटलं. म्हणू देत.

तेरावं झालं आणि कंपनीतून फोन आला. खरेदीवाले साहेब फार गोड बोलले. देसाईसाहेबांचं ऐकून वाईट वाटलं म्हणाले. मग म्हणाले, एक मार्ग आहे. मालाची तपासणी सर्वस्वी कैलासवासी देसाईंच्या हातात होती आणि त्यांच्या हलगर्जीमुळं सदोष माल पुढं गेला, आता ती व्यवस्था बदलली आहे, एवढं आम्ही लिहून द्यायचं. म्हणजे त्यांची फाईल बंद, आमचं काम सुरू. "गेलेल्या माणसावर कसली कारवाई होत नाही, कुणाचं काही जात नाही," असं ते म्हणाले. मी फोनवर त्यांना जे बोललो ते चारचौघांत सांगता येत नाही. पण रात्र गेली आणि डोकं थंड झालं. शेडमध्ये शंभरावर माणसं. ट्रकचं काम बंद झाल्यापासून मोठी भट्टी आठवड्यातून एखाद दिवस पेटायची. मी उलटा भाव केला. म्हटलं, लिहून देतो, पण त्याच्या जागी माझं नाव घाला. मालक मी आहे, हलगर्जी माझी. साहेब हसले. "तुमचं नाव आलं तर तुमची फौंड्रीच काळ्या यादीत जाते, मग काम कुणाला देऊ? हे नाव सोयीचं आहे." जन्मभर सौदे केले, पण स्वतःला विकायला काढलं आणि गिऱ्हाईकानं घेतलं नाही असं पहिल्यांदा झालं.

सुनंदावहिनींकडं गेलो. वाटलं होतं, त्या रडतील, नको म्हणतील, आणि माझं काम सोपं होईल. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सही करा, भावजी."

"वहिनी, काय बोलताय?"

"त्यांना आता काय व्हायचं राहिलंय? मुजावरांच्या मुलीचं लग्न ठरलंय. शेडमधली निम्मी माणसं घरी बसलीत. करा सही."

मी ओरडलो. त्याचं नाव मातीत घालू, जन्मभर त्यानं जे केलं ते असं विकू, तुम्हाला कसं बोलवतं. त्या उठल्या, आतून पाणी आणून माझ्यापुढं ठेवलं. "ओरडू नका. तुम्हाला त्यांचं नाव राखायचंय का कंपनीला हरवायचंय, ते आधी ठरवा." मी पाणी प्यायलो. त्या पुढं म्हणाल्या, "आणि ते असते तर त्यांनीच सही केली असती. 'माझ्यामुळं झालं' असं रोज झोपेत बोलत होते. आता लिहूनच द्यायचं तर द्या."

तिथून मी गाडी काढली ती कुठं चाललोय हे न बघता कागलच्या पुढं निघून गेलो. त्यांचं पहिलं बोलणं मला झोंबलं होतं, पण दुसरं जास्त. खरंच त्यानं सही केली असती. पण ती कशाच्या जोरावर? माहीत होतं म्हणून नाही, माहीत नव्हतं म्हणून. त्याला संशयानं पोखरलं होतं आणि पोखरलेल्या माणसाकडून कुणी काहीही लिहून घेऊ शकतं. शुद्धीवरचा शशी न बघता कधी सही करणारा नव्हता. तापात उठून बसला होता तो, पण न बघता सही केली नव्हती. मग मी न बघता त्याच्यावर दोष कसा लिहू?

दुसऱ्या दिवशी साहेबांना फोन लावला आणि सांगितलं, मोडलेलं हब दाखवा. शशीच्या शिरोलीच्या जुन्या मित्रांना घेऊन येतो, ते बघतील. आत पोकळी निघाली तर तुम्ही म्हणाल ते लिहून देतो, शशीचं नाव घालून देतो, खाली अंगठाही देतो.  साहेब म्हणाले, लष्कराशी आमचं गेल्या पंधरवड्यातच मिटलं. लवाद संपला, पुरावा सोडवला. मोडलेली हबं भंगारात गेली.

"कधी?"

"झाले काही दिवस."

"कुठं?"

"भंगार कुठं जातं तुम्हालाच ठाऊक," ते म्हणाले. मला ठाऊक आहे. भंगार भट्टीत जातं. कुठल्या तरी फौंड्रीत, शिरोलीत असेल, बेळगावात असेल, ते आत्तापर्यंत पाणी होऊन कुठल्या तरी पंपात, कुठल्या तरी गटाराच्या झाकणात गेलं. म्हणजे आता कुणालाच कधीच कळणार नाही. शशीला नाही, मला नाही, पाय गेलेल्या त्या पोराला नाही. ज्यांना जाणून घ्यायचं नव्हतं त्यांचं मिटलं.

मी सही केली नाही. ट्रकचं काम गेलं. कंपनीची माणसं येऊन त्यांचे पॅटर्न घेऊन गेली. शेडमधले बरेच जण आता शेजारच्या फौंड्र्यांत लागलेत, काही अजून रोज फाटकाशी येऊन विचारतात, "काय कळलं व्हय, मालक?" मुजावर मिस्त्रींनी मुलीचं लग्न पुढं ढकललं. त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. वहिनींकडं मी त्यानंतर गेलेलो नाही.

लहान भट्टी मात्र चालू आहे, पंपाच्या कामापुरती. परवा शशीच्या खोलीत गेलो. किल्ली मिस्त्रींकडंच होती. त्याच्या टेबलावर बोटाएवढ्या जाडीचे लोखंडाचे तुकडे ओळीनं मांडलेले होते. प्रत्येक ओतकामाच्या शेवटी नमुन्याचा एक तुकडा ओतायचा, तो शशीनं हातोड्यानं मोडायचा, आतलं तोंड बघायचं आणि मगच गाडी भरायची, अशी इथली रीत. तो गेल्यापासूनचे सगळे तुकडे त्याच्या टेबलावर होते, एकही न मोडलेला. मी मिस्त्रींना म्हटलं, "हे कशाला ठेवता इथं?"

"सायबांनी बघितल्याबिगर गाडी जात न्हाय, मालक."

"पण गाड्या जातायत की."

ते मान खाली घालून उभे राहिले. "जात्यात. काय करायचं? पर तुकडा हितंच ठेवतो. दुसरीकडं ठेवायला हात होईत न्हाय." मग म्हणाले, "आज तुमी बघा की. टेम्पो थांबलाय."

मी हातोडा उचलला. आजचा तुकडा ऐरणीवर धरला आणि घाव घातला. पहिल्या घावाला मोडला नाही, दुसऱ्याला मोडला. खिडकीशी नेऊन उजेडात धरला. करडं, बारीक दाण्याचं, कुठं कुठं चमकणारं तोंड. फिरवून बघितलं, चष्मा काढून बघितलं, पुसून पुन्हा घालून बघितलं. लोखंड विकून मी म्हातारा झालो. भाव त्याच्या वजनावरून सांगतो, रंगावरून सांगतो, समोरच्याच्या चेहऱ्यावरून सांगतो. पण त्या तोंडावर काय लिहिलंय ते मला वाचता येईना. बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. "भरू का, मालक?" मिस्त्रींनी विचारलं.

 मी टेबलावरचा दुसरा तुकडा उचलला आणि ऐरणीवर धरला.